एकच तिकीट, दोन कंपन्या : प्रादेशिक उड्डाणे आणि वैमानिकांच्या संघटना

जबलपूरच्या डुमना विमानतळावरून दिल्लीला जाणाऱ्या प्रवाशांना २०२२ पर्यंत एक गोष्ट नेहमी दिसत असे. तिकीट एअर इंडियाचे, उड्डाण क्रमांकाच्या आधीची अक्षरेही एअर इंडियाची. पण धावपट्टीजवळ उभे असलेले विमान म्हणजे पंख्याचे छोटे एटीआर आणि त्यावर नाव 'अलायन्स एअर'. ते चालवणारे वैमानिक एअर इंडियाचे नोकर नव्हते. ते एका उपकंपनीचे, बहुतांशी ठरावीक मुदतीच्या करारावर नेमलेले नोकर होते.

प्रवाशाला यात काही वावगे वाटत नाही. वैमानिकाच्या दृष्टीने मात्र पगार, बढती, ज्येष्ठता आणि संघटना हे सारे या एका गोष्टीवर ठरते. म्हणून 'लहान मार्गांवरची उड्डाणे वेगळ्या कंपनीकडे द्यावीत का' हा जगभरच्या वैमानिक संघटनांचा जुना वाद आहे. या टिपणात आपण तीन गोष्टी पाहू : हे काम वेगळे का काढले जाते, संघटना त्याला कसे उत्तर देतात आणि भारतात नेमके काय घडले.

१. लहान विमानाचे अर्थशास्त्र

एटीआर ७२-६०० या विमानात सुमारे ७० आसने असतात. एअरबस ए-३२० मध्ये सुमारे १८०. आसने कमी असली तरी वैमानिक दोन्हीकडे दोनच लागतात.

उदाहरण म्हणून काल्पनिक आकडे घेऊ. समजा, दोन वैमानिकांवर कंपनीचा ताशी खर्च मिळून १८,००० रुपये आहे.

- १८० आसनी विमानात दर आसनामागे खर्च : १८,००० ÷ १८० = १०० रुपये
- ७० आसनी विमानात दर आसनामागे खर्च : १८,००० ÷ ७० = सुमारे २५७ रुपये

लहान विमानातही हा खर्च १०० रुपयांवर ठेवायचा, तर दोन वैमानिकांना मिळून ताशी ७,००० रुपयेच देता येतील. प्रादेशिक वैमानिकाचा पगार कमी ठेवण्याचा मोह येथून सुरू होतो. आता दोन्ही प्रकारचे वैमानिक एकाच कंपनीत, एकाच ज्येष्ठता यादीत आणि एकाच संघटनेत असतील, तर एवढी मोठी तफावत टिकवणे अवघड जाते. कंपनी वेगळी असेल तर सोपे जाते.

पण आसने कमी झाली म्हणून काम कमी होत नाही. प्रादेशिक मार्ग आखूड असतात, त्यामुळे दिवसभरात उड्डाणे आणि उतरणी अधिक होतात. विमानतळ लहान असतात आणि तेथील साधने अनेकदा मर्यादित असतात. म्हणजे आसनाच्या हिशेबाने वैमानिक महाग पडतो, आणि कामाच्या हिशेबाने तो मोठ्या विमानाच्या वैमानिकाइतकाच राबतो. दोन्ही विधाने खरी आहेत, म्हणूनच हा वाद सहज मिटत नाही.

२. काम बाहेर देण्याच्या तीन पद्धती

(अ) उपकंपनी : मालक तोच, पण कंपनी, करार आणि ज्येष्ठता यादी वेगळी. अलायन्स एअर हे याचे उदाहरण.

(आ) उड्डाणक्षमता विकत घेणे : मोठी कंपनी तिकिटे विकते आणि प्रादेशिक कंपनीला उड्डाणांचे ठरलेले पैसे देते. विमानावर रंग मोठ्या कंपनीचा असतो. अमेरिकेत ही पद्धत सर्रास आहे.

(इ) वैमानिकांसह विमान भाड्याने घेणे : याला 'वेट लीज' म्हणतात. केबिन कर्मचारी स्वतःचे आणि वैमानिक विमानमालकाचे असतील, तर 'डॅम्प लीज'. इंडिगोने २०२३ पासून टर्किश एअरलाइन्सची बोईंग ७७७ विमाने अशा पद्धतीने घेतली. ही उड्डाणे प्रादेशिक नाहीत, पण तत्त्व तेच आहे : तिकीट एकाचे, वैमानिक दुसऱ्याचा.

३. अमेरिकेतील रेघ

अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांच्या वैमानिकांनी आपल्या सामूहिक करारात एक कलम घालून घेतले. त्याला 'स्कोप क्लॉज' म्हणतात. कोणते काम बाहेर देता येईल याची मर्यादा ते ठरवते. अनेक करारांत ही मर्यादा ७६ आसने आणि ८६,००० पौंड, म्हणजे सुमारे ३९,००० किलो वजन अशी आहे. त्याहून मोठे विमान कंपनीच्या स्वतःच्या वैमानिकांनीच चालवायचे.

या रेघेने मोठ्या कंपनीतील वैमानिकांचे काम वाचले, पण रेघेखालच्यांची स्थिती सुधारली नाही. डेल्टाची उपकंपनी असलेल्या कोमेअरच्या वैमानिकांनी २००१ मध्ये ८९ दिवस संप केला. त्याच काळात काही प्रादेशिक वैमानिकांनी स्वतःच्याच संघटनेवर दावा लावला. मोठ्या कंपनीतील सभासदांसाठी संघटना आमच्या वाढीवर मर्यादा घालते, असे त्यांचे म्हणणे होते. एकाच संघटनेत दोन्ही गट असले तरी हितसंबंध आपोआप एक होत नाहीत, हा धडा येथून मिळतो.

१२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान कोसळले आणि ५० जण मृत्युमुखी पडले. उड्डाण 'कॉन्टिनेंटल कनेक्शन' या नावाने विकले गेले होते. चौकशीत वैमानिकाची चुकीची प्रतिक्रिया हे कारण ठरले. त्याबरोबरच प्रादेशिक वैमानिकांचे तुटपुंजे वेतन, कामावर रुजू होण्यासाठी रात्रभर करावा लागणारा प्रवास आणि थकवा हे विषय देशासमोर आले. त्यानंतर अमेरिकेने कायदा बदलला. सहवैमानिकालाही साधारणपणे १,५०० तासांचा अनुभव आवश्यक झाला. प्रत्यक्ष उड्डाण कोणती कंपनी करणार, हे तिकीट विकताना स्पष्ट सांगणेही बंधनकारक झाले.

येथे एक सावधगिरी हवी. एका अपघातावरून 'कंत्राटी वैमानिक असुरक्षित' असा निष्कर्ष काढता येत नाही. १२ मार्च २०२२ रोजी आमच्या डुमना विमानतळावरही अलायन्स एअरचे एटीआर उतरताना धावपट्टी ओलांडून पुढे गेले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. पण अशा घटना मोठ्या कंपन्यांच्या विमानांच्याही होतात. नोकरीचा करार आणि सुरक्षितता यांचा संबंध विश्रांती, प्रशिक्षण आणि अनुभव यांच्या वाटेने तपासावा लागतो. नुसते कंपनीचे नाव पाहून तो सिद्ध होत नाही.

४. भारतातील रेघ कोणी ओढली?

भारतात प्रादेशिक सेवा वेगळी काढण्याचा पहिला मोठा प्रयोग म्हणजे वायुदूत. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांनी मिळून १९८१ मध्ये ती सुरू केली. १९९० च्या दशकात ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. १९९४ मध्ये सरकारी मक्तेदारीचा कायदा रद्द झाला, खाजगी कंपन्या आल्या आणि अनेक वैमानिक तिकडे गेले. अशा वातावरणात १९९६ मध्ये इंडियन एअरलाइन्सची उपकंपनी म्हणून अलायन्स एअर सुरू झाली. आरंभी तिच्याकडे जुनी बोईंग ७३७-२०० विमाने होती. पुढे ती एटीआर चालवणारी प्रादेशिक कंपनी बनली.

कर आणि शुल्क यांनीही लहान विमानाला वेगळे केले. ४०,००० किलोंपेक्षा कमी वजनाच्या विमानांच्या इंधनावर राज्यांनी किती विक्रीकर घ्यावा याला केंद्रीय कायद्याने मर्यादा घातली. ८० पेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत विमानांना विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळांवर उतरण्याचे शुल्क माफ झाले. २०१६ मध्ये उडान योजना आली. तिचे पहिले उड्डाण २७ एप्रिल २०१७ रोजी शिमला–दिल्ली मार्गावर अलायन्स एअरनेच केले.

दोन देशांतील आकडे शेजारी ठेवून पाहा. अमेरिकेत ७६ आसने आणि ३९,००० किलो. भारतात ८० आसने आणि ४०,००० किलो. रेघ जवळजवळ त्याच जागी आहे. फरक असा की अमेरिकेत ती वाटाघाटीत, वैमानिकांच्या सहीने ओढली गेली. भारतात कर-शुल्काच्या नियमांनी आणि कंपनीच्या रचनेने ओढली.

५. संघटना कशासाठी लढल्या?

भारतात वैमानिकांच्या संघटना दुबळ्या होत्या असे नाही. इंडियन एअरलाइन्समध्ये इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन आणि एअर इंडियात इंडियन पायलट्स गिल्ड या दोन्ही ताकदवान संघटना. २००७ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या, संघटना मात्र वेगळ्याच राहिल्या.

२०११ मध्ये पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी दहा दिवस संप केला. त्यानंतर दोन्ही कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांचा मेळ घालण्यासाठी न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमली गेली. २०१२ मध्ये उलट बाजू उठली. बोईंग ७८७ चे प्रशिक्षण कोणाला मिळावे यावरून गिल्डच्या वैमानिकांनी ५८ दिवस काम थांबवले आणि १०१ वैमानिकांना बडतर्फीला सामोरे जावे लागले.

या लढ्यांचा विषय नीट पाहा. मोठ्या विमानांच्या यादीत कोण वर आणि कोण खाली, हा तो विषय. एटीआर चालवणारा वैमानिक या यादीतच नव्हता. त्याची कंपनी वेगळी, म्हणून यादी वेगळी. यादी वेगळी, म्हणून त्याचा प्रश्न मुख्य मागण्यांत नाही.

६. २०२२ : रेघेचा परिणाम

ऑक्टोबर २०२१ मध्ये एअर इंडियासाठी टाटा समूहाची बोली मान्य झाली आणि २७ जानेवारी २०२२ रोजी कंपनी हस्तांतरित झाली. या व्यवहारात एअर इंडिया, एअर इंडिया एक्सप्रेस आणि जमिनीवरील सेवा देणाऱ्या एका कंपनीतील निम्मा हिस्सा होता. अलायन्स एअर त्यात नव्हती. ती सरकारकडेच राहिली. एअर इंडियाच्या कर्मचाऱ्यांना एक वर्षभर काढायचे नाही, अशी अट विक्रीत होती.

म्हणजे डुमनावर एअर इंडियाच्या तिकिटाचे प्रवासी वाहणारा वैमानिक एके दिवशी एअर इंडियापासून पूर्णपणे वेगळा झाला. सरकारी कंपनीत राहणे त्याच्या फायद्याचे की तोट्याचे, यावर मतभेद होऊ शकतात. पण १९९६ मध्ये कागदावर ओढलेल्या रेघेने पंचवीस वर्षांनी कोण कुठे जाणार हे ठरवले, आणि ती ओढताना अर्थातच त्याला कोणी विचारले नव्हते.

७. कायदा काय देतो?

संघटना स्थापन करण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९(१)(ग) मध्ये आहे. संप हा मात्र मूलभूत हक्क नाही. शिवाय वैमानिक 'कामगार' आहे की 'पर्यवेक्षक' हा प्रश्न न्यायालयांत वारंवार आला आहे; कारण कॅप्टन विमानातील सर्वांवर अधिकार गाजवतो, पण कंपनीत व्यवस्थापकाचे अधिकार त्याला नसतात.

नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत संपापूर्वी नोटीस सक्तीची आहे. निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी एकाच दिवशी ठरवून रजा घेतली, तर तोही संप मानला जातो. सामूहिक आजारी रजेचा वैमानिकांचा जुना मार्ग त्यामुळे अरुंद झाला. वाटाघाटी करणारी संघटनाही त्या त्या आस्थापनेच्या हजेरीपटावर ठरते. उपकंपनीचा वैमानिक दुसऱ्या हजेरीपटावर असेल, तर मूळ कंपनीच्या वाटाघाटीत त्याला जागा नसते.

याउलट विश्रांतीचे नियम पाहा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली. या नियमांसाठी वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या. ही मागणी कंपनीपुरती नव्हती, साऱ्या व्यवसायाची होती. म्हणून तिचा लाभही एका कंपनीपुरता राहिला नाही.

८. दोन्ही बाजू

काम वेगळे काढण्याच्या बाजूने : लहान शहरांना सेवा मिळते. खर्च आवाक्यात राहतो. नव्या वैमानिकाला लवकर कॅप्टन होता येते. मोठ्या कंपनीच्या वेतनावर जबलपूर, जळगाव किंवा कोल्हापूरचे मार्ग कदाचित चाललेच नसते.

विरोधात : सारख्या कामाला असमान दाम मिळतो. बढतीची वाट बंद होते. मोठ्या कंपनीला आपल्या वैमानिकांवर दबाव आणण्याचे साधन मिळते. जबाबदारी कोणाची हे प्रवाशाला कळत नाही.

मधला मार्गही आहे. विमाने आणि हिशेब वेगळे ठेवावेत, पण वैमानिकांची ज्येष्ठता यादी एक ठेवावी. किंवा एटीआरवर ठरावीक तास पूर्ण केलेल्याला मोठ्या विमानावर जाण्याची लेखी हमी द्यावी. पगारात फरक राहील, पण वाट बंद होणार नाही. असा करार मिळवायचा असेल, तर वरच्या यादीतील वैमानिकांनी आपल्या मागणीपत्रात खालच्या यादीतील सहकाऱ्यासाठी एक ओळ लिहायला हवी. भारतातील इतिहास पाहता उणीव ताकदीची कमी आणि या ओळीची जास्त होती.

हा प्रश्न फक्त वैमानिकांचा नाही. अभियांत्रिकीचे अनेक पदवीधर मोठ्या कारखान्याच्या फाटकातून आत जातात, पण त्यांच्या ओळखपत्रावर कंत्राटदाराचे नाव असते. पहिली नोकरी घेताना पगाराच्या आकड्याबरोबर एवढे जरूर पाहावे : आपले नाव कोणत्या यादीत लिहिले जाणार आहे, आणि त्या यादीतून पुढे जाण्याची वाट करारात लिहिलेली आहे का.

विचारासाठी प्रश्न

१. वरील काल्पनिक उदाहरणात तिकिटामागे ५० रुपये वाढवले आणि ७० पैकी ५६ आसने भरली, तर वैमानिकांसाठी ताशी किती रक्कम अधिक मिळेल? उड्डाण एक तासाचे धरा.

२. काम बाहेर देण्याची मर्यादा कोणी ठरवावी : कंपनीने, संघटनेने की सरकारने? अमेरिका आणि भारत यांच्या अनुभवाच्या आधारे लिहा.

३. आपल्या परिसरातील एखादा उद्योग निवडा. तेथे कोणते काम उपकंपनी किंवा कंत्राटदाराकडे आहे आणि त्या कामगारांना मूळ कंपनीत जाण्याची वाट आहे का, याची माहिती घ्या.