परातीतली आगबोट

ऑक्टोबर उजाडला की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांत एक मथळा हमखास दिसतो : अमुक कारखान्यात बॉयलर अग्निप्रदीपन. पूजा होते, नारळ फुटतो, बॉयलर पेटतो आणि काही दिवसांनी गव्हाणीत मोळी पडते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१चा. तेव्हापासून या जिल्ह्याचे अर्थकारण वाफेभोवती फिरते आहे. ऊस पिळून उरलेला बगॅस भट्टीत जातो आणि त्या वाफेवर पुढचा ऊस गाळला जातो.

त्याच वाफेवर चालणारे अगदी लहान यंत्र जत्रेतल्या खेळण्यांच्या पालावर मिळते. परातीत पाणी, पाण्यात वीतभर लांबीची पत्र्याची बोट, बोटीच्या पोटात तेलाची वात. टकटक आवाज करत ती परातीच्या कडेकडेने गोल फिरते. अहिल्यानगरच्या आसपास समुद्र नाही, तरी आगबोट चालवायला एक परात पुरते.

बोट उलटी करून पाहिली की तिचे सगळे गुपित उघड दिसते. काडेपेटीहून लहान, चपटी पत्र्याची डबी हा बॉयलर. त्याचे वरचे झाकण कागदासारखे पातळ. डबीतून दोन बारीक नळ्या मागे जातात आणि पाण्याखाली उघडतात. दट्ट्या, झडप, चाक, पंखा यांतले काहीही नाही. हलतो तो एवढा पातळ पत्रा आणि नळ्यांतले पाणी.

वात पेटली की डबीतल्या पाण्याची वाफ होते. वाफ नळ्यांतले पाणी मागे ढकलते आणि पत्रा फुगून वर उचलला जातो. ढकलले गेलेले पाणी आपल्या वेगाने जरा जास्तच पुढे जाते. वाफ त्याच्या मागोमाग नळीच्या थंड भागात शिरते आणि तिथे तिचे पुन्हा पाणी होते. आतला दाब पडतो, पत्रा खाली बसतो, बाहेरचे पाणी नळ्यांत परत चढते. सेकंदात हे अनेकदा घडते. टकटक आवाज त्या पत्र्याचा.

इथे चौकस माणूस अडतो. जेवढे पाणी बाहेर गेले तेवढेच आत आले, मग बोट पुढे का जाते? मेणबत्ती फुंकून विझते, पण तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून विझवता येत नाही. बोटीतही तसेच : बाहेर पडणारे पाणी एका दिशेने धारेसारखे जाते, आत येणारे मात्र नळीच्या तोंडाभोवती सगळीकडून गोळा होते. शिवाय आत आलेले पाणी बॉयलरपाशी थांबताना आपला वेग बोटीलाच देऊन टाकते. म्हणून बोट मागे ओढली जात नाही, पुढचा धक्का तेवढा शिल्लक राहतो.

या खेळण्याचे पेटंट तोमा पियो नावाच्या फ्रेंच माणसाने १८९१ साली इंग्लंडमध्ये घेतले. पातळ पत्र्याचा, आवाज करणारा बॉयलर पुढे अमेरिकेतल्या चार्ल्स मॅकह्यूने आणला. आपल्याकडे घरच्या घरी वाफेशी खेळण्याचा नाद त्याहून जुना आहे. मुंबईच्या जहाजबांधणीतल्या वाडिया घराण्यातले अर्देशीर कर्सेटजी यांनी माझगावच्या आपल्या बंगल्यात वाफेचे इंजिन बसवले होते. १८३३ साली त्यांनी ‘इंडस’ ही ६० टनांची बोट बांधली आणि तिला पुढे वाफेचे इंजिन जोडले. १८४१ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो झाले. आपल्या काळात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतून ‘कचऱ्यातून खेळणी’ घरोघर पोचवणाऱ्या अरविंद गुप्तांनीही या बोटीला आपल्या संग्रहात जागा दिली.

घरी बोट करायची तर शीतपेयाच्या डब्याचा पत्रा, दोन बारीक नळ्या आणि उष्णता सोसणारा डिंक एवढ्यावर काम भागते. टिकाऊ हवी असेल तर पितळेचा पातळ पत्रा आणि तांब्याची नळी घेऊन डाग द्यावा. सगळी कसोटी सांध्यावर असते. एक नळी बोटाने बंद करून दुसरीतून फुंकावे आणि डबी पाण्यात बुडवावी. बुडबुडा दिसला तिथे पुन्हा डाग. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून हवा आत शिरली तरी बोट हलत नाही.

निगा मोठ्या बॉयलरसारखीच राखावी लागते. पेटवण्यापूर्वी एका नळीतून पाणी भरावे, दुसरीतून थेंब येईपर्यंत. कोरड्या डबीखाली वात लावली तर डागाचे कथील वितळते, कारण कथील-शिशाचा डाग १८३ अंशांच्या आसपास पातळ होतो. आत पाणी असले की पत्रा शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही. बोअरचे जड पाणी वापरले तर नळ्यांत क्षार धरतो. तेव्हा पावसाचे किंवा फिल्टरचे पाणी भरावे आणि क्षार धरलाच तर व्हिनेगर घालून ठेवावे. खेळ संपला की पाणी काढून बोट वाळवावी आणि काजळी पुसावी.

हौस वाढली की माणूस दट्ट्याच्या इंजिनाकडे वळतो. तिथे खरा, बंदिस्त दाब असतो. पंचवीस लिटरपेक्षा कमी पाणी मावणारे भांडे आपल्या बॉयलर कायद्यात बॉयलर ठरत नाही, त्यामुळे निरीक्षक तपासायला येत नाही. सुरक्षा झडप, पाणीपातळीची काच आणि थंड पाण्याने केलेली दाबचाचणी यांची जबाबदारी मग सगळी आपल्यावर. जत्रेतल्या बोटीच्या नळ्या उघड्या असतात, दाब साठत नाही, म्हणून शिकायला हीच बरी.

कारखान्याच्या पट्ट्यातल्या शाळांना माझे एवढेच सांगणे आहे. येत्या हंगामात मुलांना बॉयलर दाखवायला न्याल, त्याच्या आदल्या दिवशी वर्गात एक परात ठेवा आणि ही बोट सोडा. वात मोठ्यांनी लावावी, डबीत पाणी मुलांनी भरावे. आधी पाणी, मग आग, हा बॉयलरघरातला पहिला नियम त्यांना तिथेच कळेल.