नेटवर्क मार्केटिंगमध्ये नवखे कुठे अडकतात?

नवीन माणूस आधी मावशी, काका, शाळेतले मित्र यांची यादी संपवतो आणि तिथेच थांबतो. कारण त्याला वस्तू विकायला कुणी शिकवलेलंच नसतं, फक्त माणसं जोडायला शिकवलेलं असतं.

आता हिशोब बघा. प्रत्येकाने पाच जण जोडले, तर बाराव्या पातळीवर २४ कोटींहून जास्त माणसं लागतात. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या आसपास होती! उशिरा येणाऱ्याने माणसं आणायची कुठून?

मला हा व्यवसाय मनापासून आवडतो, म्हणून सांगतो: नात्यातलं नसलेलं गिऱ्हाईक तीच वस्तू दुसऱ्यांदा मागतं का, हे आधी तपासा. नुसत्या भरतीवर कमाई दाखवत असतील तर सरळ उठून या. २०२१ च्या थेट विक्री नियमांनुसार पिरॅमिड योजना चालवायला आणि त्यात लोकांना ओढायलाही बंदी आहे.