‘हात खाली!’ : त्या मुलांची बाजू

रविवारच्या मिस्साच्या वेळी एखादे मूल बाकावर मागेपुढे झुलत असते. मध्येच ते पाखराने पंख फडफडवावेत तसे दोन्ही हात हलविते आणि त्याची आई ओशाळून ते हात घट्ट धरून ठेवते. आजूबाजूच्या माना वळतात. ‘पोराला वळण नाही,’ असे कुणी तरी पुटपुटतो. हा वळणाचा प्रश्न नव्हे, हे त्या मातेला मात्र ठाऊक असते. डॉक्टरांनी तिला ‘ऑटिझम’ हा शब्द सांगितलेला असतो. आणि मुलाला रोज कित्येक तास शिकवून इतर मुलांसारखे करणारी एक उपचारपद्धती आहे, असेही कुणी सुचविलेले असते. ज्यांच्यावर बालपणी ती पद्धत चालविली गेली, ते आज मोठे होऊन तिच्याविषयी काय म्हणतात, हे आमच्या वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटते.

ऑटिझम हा साथीचा वा संसर्गाचा रोग नव्हे. ती मेंदूची जन्मजात निराळी घडण होय. अमेरिकेत बाल्टिमोर येथे डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून हे नाव वैद्यकात रूढ झाले. मराठीत आपण त्यास ‘स्वमग्नता’ म्हणतो. परंतु हा शब्दही थोडा फसवा आहे. मूल आपल्यातच बुडालेले आहे असे आपणांस बाहेरून वाटते. प्रत्यक्षात त्याच्या कानांवर, डोळ्यांवर आणि त्वचेवर जगाचा इतका मारा होत असतो की, त्यास तो सोसवत नाही.

त्या काळी पुष्कळ डॉक्टर आईच्या कोरडेपणास दोष देत आणि मुलास संस्थेत ठेवावयास सांगत. अशा वेळी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ इव्हार लोवास यांनी, ही मुले शिकू शकतात, असे ठामपणे सांगितले. हे त्यांचे श्रेय नाकारता येणार नाही. त्यांची रीत सोपी होती. शिक्षकाने आज्ञा द्यावी. मुलाने ती पाळली की लगेच खाऊचा तुकडा द्यावा किंवा शाबासकी द्यावी. न पाळल्यास बक्षीस रोखावे वा शिक्षा करावी. आणि हे शेकडो वेळा करावे. ‘अप्लाइड बिहेवियर ॲनालिसिस’ म्हणजे एबीए या नावाने आज जो उपचार चालतो, त्याचा मोठा भाग या कामातून वाढला.

पण त्या शिक्षांचे स्वरूप काय होते? १९६५ साली अमेरिकेतील ‘लाइफ’ साप्ताहिकाने त्याची छायाचित्रे छापली. मुलांवर ओरडणे, त्यांना चापट मारणे, इतकेच नव्हे तर अनवाणी पायांना जमिनीतून विजेचा धक्का देणे, हे सारे तेथे उपचार म्हणून चालत होते. अशा मुलास देह असतो, परंतु मानसिक अर्थाने माणूस अजून घडलेला नसतो, तो शिक्षकाने घडवावयाचा असतो, अशा आशयाचे उद्गार लोवास यांनी १९७४ साली एका मुलाखतीत काढले. साऱ्या वादाचे मूळ या एका कल्पनेत आहे.

१९८७ साली लोवास यांचा प्रसिद्ध निबंध निघाला. आठवड्यास ४० तास याप्रमाणे दोन वा अधिक वर्षे ज्यांना शिकविले, अशा १९ मुलांपैकी ९ मुले साधारण बुद्धिमापनापर्यंत पोचून नेहमीच्या शाळेत पहिली पार करून गेली, असे त्यात म्हटले होते. कोणत्या मुलास हा उपचार द्यावयाचा, हे चिठ्ठ्या टाकून ठरविलेले नव्हते, आणि त्या प्रयोगातही प्रसंगी मांडीवर चापट मारली जात असे. परंतु हताश आईबापांना त्या आकड्यांत आशा दिसली आणि ही पद्धत देशोदेशी पसरली.

यशाची ही मोजणी इतरांनी केली होती. ज्यांची मोजणी झाली, ते पुढे बोलू लागले. १९९३ साली कॅनडातील टोरांटो येथे पालकांच्या परिषदेत, स्वतः ऑटिझम असलेले जिम सिंक्लेर यांनी आईबापांस विनविले की, आमच्यासाठी शोक करू नका. आपले मूल असे नसते तर बरे, असे तुम्ही म्हणता, तेव्हा त्याच्या कानी पडते ते हे की, तू नसतास आणि तुझ्या जागी दुसरे कुणी असते तर बरे. २०११ साली ज्यूलिया बॅस्कम या अमेरिकन तरुणीने वर्गात वारंवार ऐकू येणाऱ्या ‘हात शांत ठेव’ या आज्ञेविषयी लिहिले. हात हलविणे ही तिच्यासारख्यांची भाषा असते, मन सावरण्याचा आधार असतो. ते हात धरून मेजावर दाबून ठेवणे म्हणजे एखाद्याचे तोंड दाबण्यासारखेच होय.

त्यांचे आक्षेप थोडक्यात असे आहेत. पहिला, डोळ्यांत डोळे घालून पाहण्याची सक्ती. पुष्कळांना त्याने वेदना होतात. नजर वळवूनच त्यांना बोलणे नीट ऐकू येते. दुसरा, आज्ञापालनाची सवय. मोठ्या माणसाने सांगितले की केलेच पाहिजे, असे हजारदा घोटवून घेतलेले मूल वाईट हेतूच्या माणसास ‘नाही’ कसे म्हणणार? तिसरा, खोटा मुखवटा. दिवसभर इतरांसारखे वागून दाखविणारा मनुष्य आतून खचून जातो. ब्रिटनमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, असा मुखवटा धारण करणे आणि आत्महत्येचे विचार यांचा संबंध दिसून आला. चौथा आक्षेप तासांचा आहे. चार वर्षांच्या मुलाने आठवड्यास ४० तास मेजापाशी बसावे, तर मग त्याने खेळावे केव्हा?

पाचवा आक्षेप न्यायाचा. कॅनडात काही पालकांनी, या उपचाराचा खर्च सरकारने द्यावा म्हणून दावा लाविला होता. तो सर्वोच्च न्यायालयात पोचला, तेव्हा मिशेल डॉसन या स्वतः ऑटिझम असलेल्या बाई, पूर्वी टपालवाटपाचे काम केलेल्या, आपले म्हणणे मांडण्यास पुढे आल्या. इतर माणसांवर प्रयोग करताना जी नीती पाळतात, ती आमच्या बाबतीत का सोडता, असे त्यांनी २००४ साली विचारले. त्याच वर्षी न्यायालयाने, हा खर्च देणे प्रांतिक सरकारवर घटनेने बंधनकारक नाही, असा निकाल दिला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भिंतीवर डोके आपटणारे, रस्त्यावर धावत सुटणारे मूल ज्यांच्या घरी आहे, त्या आईबापांचे दुःख खरे आहे. या पद्धतीने आमचे मूल हाताने जेवू लागले, बोलू लागले, असे सांगणारेही आहेत. आजचे बहुतेक उपचारक शिक्षा वापरीत नाहीत आणि खेळाखेळात शिकवितात. टेंपल ग्रँडिन या ऑटिझम असलेल्या अमेरिकन प्राध्यापिका तर, लहानपणीच पुष्कळ तास शिकविणे आवश्यक आहे, असे आग्रहाने सांगतात. तथापि सर्वत्र शिक्षा संपली, असेही नाही. मॅसॅच्युसेट्स राज्यातील जज रोटेनबर्ग सेंटर या संस्थेत राहणाऱ्यांच्या अंगास विजेचे धक्के देणारे यंत्र बांधले जात असे. अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने २०२० साली त्यावर बंदी घातली. २०२१ साली न्यायालयाने ती रद्द केली. २०२२ साली काँग्रेसने प्रशासनास तसा अधिकार स्पष्टपणे दिला आणि २०२४ साली नव्या बंदीचा प्रस्ताव मांडण्यात आला.

चापट गेली, खाऊ राहिला, एवढ्याने आमचे समाधान होत नाही, असे आक्षेप घेणारे म्हणतात. त्यांना मदत नको आहे, असे मुळीच नाही. चित्रांनी, अक्षरफलकाने वा यंत्राने का होईना, मुलास आपले म्हणणे सांगता येऊ द्या. ते डोके आपटते तेव्हा दात दुखतो की पोट, गोंगाट असह्य होतो की काय, हे आधी शोधा. जे कुणास अपाय करीत नाही ते झुलणे, ते हात हलविणे राहू द्या. एवढेच त्यांचे मागणे आहे.

आपल्या देशातही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा स्पष्ट उल्लेख आहे. शहरांतून उपचारकेंद्रे वाढत आहेत आणि गावाकडचे आईबाप पदरमोड करून, एस.टी.चा प्रवास करून तेथे जातात. त्यांना आमची एकच सूचना आहे. पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा: जे शिकविणार ते मुलाच्या सुखासाठी की पाहणाऱ्यांच्या? मूल रडले, नको म्हणाले, तर तुम्ही थांबता काय? आणि आम्हांस जवळ बसून पाहता येईल काय? उत्तर देण्यास जो कचरतो, त्याच्या हाती आपले लेकरू देण्याची घाई करू नये.

आणि ज्यांच्या घरी असे मूल नाही, त्यांनाही काही करता येईल. पुढल्या रविवारी बाकावर ते मूल झुलू लागले, तर मान वळवू नये. त्याच्या आईला त्याचे हात धरून ठेवावे लागणार नाहीत, एवढी जागा तिच्याभोवती आपण मोकळी ठेवावी.