परदेशीं जाणाऱ्याचें सामान

आमच्या शेजारच्या एक आजीबाई कांहीं वर्षांपूर्वीं ऐन दिवाळीच्या तोंडावर मुलाकडे दुबईस निघाल्या होत्या. निघण्याच्या आदल्या रात्रीं त्यांच्या सामानाची बांधाबांध पाहण्याचा योग मला आला. एका डब्यांत अनारसे होते. शिवाय तेथें गेल्यावर सुनेला ताजे करून दाखवितां यावे म्हणून पाव किलो खसखस निराळी बांधून ठेवलेली होती. "आजी, ही खसखस येथेंच राहूं द्या," असें मी म्हणालों, तेव्हां त्यांना ती माझी थट्टा वाटली. "खसखस म्हणजे काय अफू आहे?" असा त्यांचा रोकडा प्रश्न होता.

श्रोतेहो, तेथील कायद्याच्या दृष्टीनें या प्रश्नाचें उत्तर जवळजवळ 'होय' असेंच आहे. खसखस ही अफूच्याच बोंडांतली बी. बीमध्यें स्वतः मद नसतो. परंतु बोंडाच्या चिकाचा अंश तिला लागून राहिलेला असूं शकतो. संयुक्त अरब अमिरातींत ती मादक द्रव्यांच्या कायद्याखालीं निषिद्ध आहे, आणि तेथें हें प्रकरण केवळ जप्तीवर भागेल अशी खात्री बाळगूं नये. तुरुंगाची पाळी येऊं शकते. अनारशांच्या पाठीला खसखस लावलेली असते, तेव्हां तो डबाहि घरींच राहिला. आजीबाई दोन दिवस माझ्याशीं नीट बोलल्या नाहींत, असें त्यांच्या मुलानें मला मागाहून सांगितलें.

जी वस्तु आपल्या स्वयंपाकघरांत अगदीं निरुपद्रवी, ती दुसऱ्या देशाच्या दारांत संशयित ठरते, आणि बहुतेक वेळां त्याला सबळ कारण असतें. अमेरिकेंत ताजा कढीलिंब नेऊं देत नाहींत. त्या पाल्यावर एक बारीकसा किडा राहतो. तोच संत्र्या-लिंबांच्या झाडांना एक असाध्य रोग लावतो, आणि फ्लॉरिडांतील संत्र्यांच्या बागांची त्या रोगानें धूळधाण झालेली आहे. सुक्या खोबऱ्यावर आक्षेप आहे तो आणखी निराळा. त्यांतील तेलामुळें खोबरें आपोआप तापूं शकतें, म्हणून विमानवाहतुकीच्या नियमांत त्याची गणना धोक्याच्या मालांत होते. चटणीसाठीं वाट्या भरून नेणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. अमेरिका किंवा ऑस्ट्रेलिया येथें उतरतांना खाद्यपदार्थ बरोबर आहेत काय, असें विचारतात. तेथें 'आहेत' असें सांगावें. खरें सांगणाऱ्याचा लाडू फार तर टोपलींत जातो. लपविणाऱ्याला मात्र दंड होतो. "त्यांना काय कळणार आहे?" हा आपल्याकडचा विश्वास तेथील शिकविलेल्या कुत्र्यांच्या नाकापुढें टिकत नाहीं.

आतां औषधांविषयीं जरा विस्तारानें बोलतों, कारण या बाबतींत मीं स्वतः मूर्खपणा केलेला आहे. एका प्रवासांत रक्तदाबाच्या गोळ्या मीं मोठ्या पेटींत टाकल्या. मी वेळेवर पोहोंचलों. पेटी तिसऱ्या दिवशीं आली. औषधांच्या दुकानांत गेलों, तर तेथील माणूस विचारतो, औषधाचें नांव काय? मीं आपल्याकडच्या कंपनीनें ठेवलेलें नांव सांगितलें. तें त्यानें जन्मांत ऐकलेलें नव्हतें. त्याला हवें होतें तें मूळ द्रव्याचें नांव, आणि तें मला ठाऊक नव्हतें. ते दोन दिवस कसे गेले हें सांगत नाहीं. क्रोसिन म्हणजे पॅरासिटमॉल हें पुष्कळांना माहीत असतें. परंतु अमेरिकेंत त्यालाच अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात, हें किती जणांना माहीत आहे?

म्हणून डॉक्टरांकडून मूळ द्रव्यांच्या नांवांनिशीं लिहिलेली चिठ्ठी घ्यावी, गोळ्या मूळ वेष्टनांतच ठेवाव्या, आणि संपूर्ण मुक्कामाचीं औषधें हातांतल्या पिशवींत असावीं. इन्शुलिन तर खालच्या सामानांत कधींहि टाकूं नये. तें गोठलें तर निकामी होतें. हातांतल्या सामानांत कोणताहि द्रव पदार्थ शंभर मिलिलिटरांच्या बाटल्यांतूनच न्यावा, असा निर्बंध २००६ पासून पुष्कळ विमानतळांवर आला; तरी आवश्यक औषधाला त्यांतून सवलत असते. तें आपण होऊन दाखवावें, इतकेंच. याउलट कांहीं साधीं वाटणारीं औषधेंहि परदेशांत अडवितात. कोडीनचें खोकल्याचें औषध किंवा ट्रॅमाडॉलच्या वेदनाशामक गोळ्या पूर्वपरवानगीवांचून आखाती देशांत नेऊं नयेत. सर्दीच्या कित्येक गोळ्यांत असणारें स्यूडोएफेड्रिन ठराविक प्रमाणाबाहेर असेल तर जपानांत चालत नाहीं.

कागदपत्रांचा विषय रुक्ष आहे, तरी टाळतां येत नाहीं. १८८३ च्या एप्रिलांत आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्यें न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांना समाजाचा रोष, समुद्र आणि परक्या देशांतली थंडी यांना तोंड द्यावें लागलें. परंतु पासपोर्ट नांवाचें पुस्तक त्यांच्यापाशीं कोणीं मागितलें नाहीं. आपल्याकडे त्याची सक्ती आली ती पहिल्या महायुद्धाच्या ओघांत आणि १९२० च्या कायद्यानें. हल्लीं नुसता पासपोर्ट चालू असून भागत नाहीं; पुष्कळ देश त्याची निदान सहा महिन्यांची मुदत शिल्लक असावी असा आग्रह धरतात. मराठी माणसाची आणखी एक अडचण नांवाची. आपलें नांव, बापाचें अथवा नवऱ्याचें नांव व आडनांव, या तिहींची मांडणी पासपोर्टांत जशी असेल तशीच तिकिटांत हवी. पासपोर्टावर एकच नांव असणाऱ्यांना तर अमिरातींनीं २०२२ च्या नोव्हेंबरापासून पर्यटक म्हणून प्रवेश नाकारण्याचा नियम केला.

व्हिसाविषयीं एक गैरसमज फार महाग पडतो. अमेरिकेचा पर्यटकाचा व्हिसा पुष्कळदां दहा वर्षांचा मिळतो, म्हणून कांहीं आईबाप दहा वर्षें केव्हांहि व कितीहि राहतां येईल असें धरून चालतात. व्हिसा हा दारापर्यंत जाण्याचा परवाना आहे. आंत किती दिवस राहावयाचें हें उतरल्यावर तेथील अधिकारी ठरवितो. साधारणतः सहा महिने मिळतात, आणि ती तारीख त्यांच्या दप्तरीं नोंदलेली असते. नातवाचें बारसें झालें, आतां उष्टावण करूनच जाऊं, अशा प्रेमळ विचारानें ती तारीख उलटली, तर तो व्हिसाच रद्द ठरतो.

आफ्रिकेंतील वन्य पशु पाहण्याची हौस अलीकडे आपल्या लोकांत वाढली आहे. केनियासारख्या देशांतून परत येणाऱ्याला भारतांत पाऊल टाकतांना पीतज्वराची लस टोंचल्याचा दाखला दाखवावा लागतो. तो नसल्यास सहा दिवसांपर्यंत वेगळें ठेवतात. ही जाचक वाटणारी गोष्ट नीट समजून घेण्याजोगी आहे. पीतज्वर आपल्या देशांत नाहीं. परंतु तो पसरविणारा डांस येथें घरोघर आहे, आणि आपल्यापैकीं कोणाच्याहि अंगीं त्या रोगाची प्रतिकारशक्ति नाहीं. एक आजारी प्रवासी पुरेसा आहे. बाहेरून आलेली सांथ म्हणजे काय, हें मुंबईनें १८९६ च्या प्लेगांत पाहिलेलें आहे. लस एकदां घेतली कीं दाखला आतां जन्मभर चालतो. मात्र टोंचल्यावर दहा दिवस गेल्यावांचून तो लागू होत नाहीं. निघण्याच्या आठवड्यांत धांवपळ करणारे येथेंच फसतात.

आजीबाईंना त्या वेळीं मीं एक कागद लिहून दिला होता. मुलाचा पत्ता, दोघांचे दूरध्वनि क्रमांक, त्यांचीं औषधें व रक्तगट, सगळें इंग्रजींत. तो त्यांनीं पर्शींत न ठेवतां पदराच्या टोकाला पिनेनें टांचला होता. परत आल्यावर त्या म्हणाल्या, "तेवढा एक तुझा कागद कामाला आला. विमानतळावर मुलगा उशिरां आला, तर एका पोरीनें तो वाचून त्याला फोन लावला." खसखशीचा विषय मात्र आम्हीं दोघांनींहि काढला नाहीं.