लग्नाची नोंद केली का?

मक्याची पाहणी करायला फुलंब्री तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. एक बाई पिशवी घेऊन पुढे आली. मालक विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेलेले. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अशा वेळी वारसाला 2 लाख रुपये मिळतात. पिशवीत सातबारा होता, मृत्यूचा दाखला होता. वारस नोंद मात्र अडलेली. दीर म्हणतो, हिचं लग्नच झालं नाही, नुसती घरात राहिली. लग्न देवळात लागलेलं, कागद कुठेच नाही.

1956 च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेचा वाटा मुलांच्या बरोबरीचा. विधीने लागलेलं लग्न नोंदीवाचूनही खरंच. पण वाद निघाला की शाबीत करायचं तिनेच. पहिली कायद्याने सुटलेली नसताना केलेली दुसरी मात्र वारस होत नाही. तिच्या लेकरांना बापाच्या मिळकतीत हक्क असतो, तिला नाही. हे पोरी देणाऱ्या बापांनी आधी ऐकावं.

तोटाही सांगतो. दोघांच्या नावे जमीन असली तरी पीएम किसानचे वर्षाचे 6000 कुटुंबात एकालाच. एवढाच काय तो!

नोंदणी 1998 च्या कायद्याने आपल्या ग्रामपंचायतीतच होते. नवरा-नवरी आणि तीन साक्षीदार लागतात. फी किरकोळ, मांडवाच्या खर्चापुढे काहीच नाही.

त्या बाईने लग्न लावणारे गुरुजी आणि दोन वऱ्हाडी शोधून काढलेत. सोमवारी मंडळ अधिकाऱ्यापुढे तारीख आहे.