कड्यातली मेख

रावेतहून द्रुतगती मार्गाला लागलं की खंडाळ्याचा नागफणीचा कडा फार लांब नाही. सह्याद्रीचा हा बसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यातल्या भेगा अनेकदा उथळ असतात, म्हणून कडा चढताना दोरासाठी ठोकायच्या मेखेची निवड भेग पाहूनच करावी लागते. बारीक भेगेला पात्यासारखी चपटी मेख, रुंद भेगेला इंग्रजी ‘व्ही’सारखी दुमडलेली ‘अँगल’.

ठोकताना कान उघडे हवेत. प्रत्येक घावाला आवाज चढत गेला तर मेख धरते आहे. ‘ठप्प’ असा बद्द आवाज आला तर मागचा दगडच सुटा असू शकतो.

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत कठीण पोलादाच्या मेखा पुन्हापुन्हा ठोकून-काढून भेगांना खोलगट भोकं पडली. तिथे अख्खी अँगल तळाला टेकते आणि तिचं डोकं बाहेर राहतं. म्हणून टोक कापून आखूड केलेली अँगल वापरतात. हे काम आपल्या भागातल्या कुठल्याही फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये होईल, पण ग्राइंडर घाईने चालवू नये. पोलाद निळं पडलं की तिथली कठीणता उतरली समजा. थोडं कापावं, पाण्यात बुडवावं, पुन्हा कापावं. कडा कानसीने घासाव्यात, नाहीतर मेखेला बांधलेला पट्टा कापला जाईल.

अर्धीच शिरलेल्या मेखेच्या डोळ्यात कॅरॅबिनर, म्हणजे दोराची कडी, कधीच अडकवू नका. दगडालगत दांड्याला पट्ट्याचा फास घाला. त्याने मेखेवरचा तरफेचा ताण कमी होतो. तरीही अशी मेख फक्त शरीराचं वजन पेलण्यापुरती समजावी, पडणाऱ्याचा झटका झेलण्यासाठी नव्हे.