जुन्या होडीचे इंजिन कसे पारखावे?

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने इंजिनावर लेख लिहावा हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. अर्थशास्त्राच्या तासाला आम्ही भांडवल, घसारा आणि जोखीम हे शब्द शिकतो. हे तिन्ही शब्द एकाच लोखंडी वस्तूत कसे सामावतात ते पाहायचे असेल, तर मासेमारीच्या ट्रॉलरच्या इंजिनखोलीत उतरावे. आमच्या किनाऱ्यावर नवी होडी बांधणे थोड्यांनाच झेपते. बाकीचे जुनी घेतात. होडीची फळी कुजली असेल तर टोकदार हत्यार खुपसून कळते. फायबरला तडा गेला असेल तर तोही डोळ्यांना दिसतो. इंजिन मात्र एका रंगाच्या डब्यात लपवता येते, आणि होडीच्या किमतीतला मोठा वाटा तर त्याचाच असतो.

गेल्या वर्षभरात वडिलांबरोबर जुन्या होड्या पाहायला मी तीन-चार बंदरे हिंडलो. मला नेण्याचे कारण एवढेच, की कागदपत्रे आणि इंजिनाचे पुस्तक इंग्रजीत असते आणि आमच्या घरात ते वाचणारा मीच. बरोबर वडिलांच्या ओळखीचे एक वयस्क मिस्त्री होते. पुढे जे लिहिले आहे त्यातले बरेचसे त्यांनी हाताने करून दाखवलेले आहे. काही मी पुस्तकांतून पडताळून घेतले.

हे सारे एवढ्या काळजीने का करायचे, ते आमच्या आळीतल्या एका काकांकडे पाहून कळते. त्यांनी घरातले सोने गहाण ठेवून आणि सोसायटीचे कर्ज काढून जुना ट्रॉलर घेतला. पाहायला गेले तेव्हा इंजिन आधीच चालू होते, आवाज गोड होता, रंग ताजा होता. ऐन हंगामात, ऑक्टोबरमध्ये, किनारा दिसेनासा झाल्यावर ते बंद पडले. दुसऱ्या होडीने ओढून आणले म्हणून माणसे सुखरूप आली. इंजिन उघडले तेव्हा दुरुस्तीचा आकडा ऐकून काका खाली बसले. आज ते दुसऱ्याच्या होडीवर खलाशी आहेत आणि कर्जाचे हप्ते चालूच आहेत.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. आपल्याकडच्या ट्रॉलरवर बहुधा डिझेल इंजिन असते. जर्मनीत आउग्सबर्ग येथे १८९७ मध्ये रुडॉल्फ डिझेल यांनी ते यशस्वी रीतीने चालवून दाखवले. त्यात पेट्रोल इंजिनासारखी ठिणगी नसते. पिस्टन नळकांड्यातली हवा मूळ आकाराच्या सोळाव्या ते विसाव्या हिश्शाइतकी दाबतो. नुसत्या दाबाने ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते, आणि मग आत मारलेला डिझेलचा बारीक फवारा आपोआप पेटतो. म्हणजे सगळी मदार दाबावर. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, व्हॉल्व्ह नीट बसेनासे झाले, की हवा निसटते, दाब घटतो आणि उष्णता पुरत नाही. ही उणीव सर्वांत उघड होते ती इंजिन थंडगार असताना. एकदा ते तापले की लोखंडाची ऊब कमी दाबालाही सांभाळून घेते, आणि म्हातारे इंजिनही तरण्यासारखे चालू होते.

म्हणून पहिली अट ही, की आपण पोहोचेपर्यंत इंजिनाला कोणी हात लावलेला नसावा. मिस्त्री होडीवर चढले की नमस्कार-चमत्कारही नंतर, आधी धुराच्या नळीच्या बुडाशी हात. एका बंदरात ती कोमट लागली. मालक म्हणाले, "सकाळी जरा बॅटरी चार्ज करायला चालू केलं होतं." असेलही तसे. मिस्त्री मला हळूच म्हणाले, "पोरा, आपण चहा पिऊन येऊ, जेवूनपण येऊ, नाही तर उद्या येऊ. घाई त्यांना आहे, आपल्याला नाही." आम्ही दुसऱ्या दिवशी पहाटे परत गेलो. बॅटरी उत्तम असूनही इंजिनाने बराच वेळ नुसते गुरगुरणे चालवले आणि पेटले तेव्हा पांढऱ्या धुराने जेटी भरून गेली. आदल्या दिवशी दुपारी ते अर्ध्या फिरकीत चालू झाले होते.

चालू करण्याआधी तेल पाहावे. इंजिनाच्या कुशीत एक पट्टी असते, ती ओढून पुसून पुन्हा घालायची आणि मग पाहायची. तेल काळे आहे म्हणून नाक मुरडू नये. डिझेल इंजिनाचे तेल काजळीमुळे थोड्याच दिवसांत काळे पडते. उलट जुन्या इंजिनात मधासारखे स्वच्छ तेल दिसले तर ते काल का बदलले, असे विचारावे. वाईट खूण म्हणजे दुधाळ किंवा चहासारखा रंग. तेलात पाणी गेले की तो येतो. हे पाणी हेडखालच्या फुटलेल्या गॅस्केटमधून येते, तेल थंड करणाऱ्या कुलरमधून येते, नाही तर तडा गेलेल्या ब्लॉकमधून. त्यात समुद्राचे पाणी असेल तर गंज आलाच. तेलाची पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल तर खूश होण्याचे कारण नाही. तेल आपोआप वाढत नसते. वाढ पाण्याची असेल, नाही तर पंपातून किंवा फवाऱ्यातून गळणाऱ्या डिझेलची. डिझेल मिसळलेले तेल बोटांत धरले तर पातळ लागते आणि त्याला वास येतो.

पाणी थोडे असेल तर रंगावरून कळत नाही. त्यासाठी आमच्या मिस्त्रींची युक्ती अशी, की दोन थेंब तेल तापलेल्या तव्यावर टाकायचे. पाणी असले तर फोडणीतल्या मोहरीसारखे तडतडते. मला वाटले होते हा बंदरावरचा तोडगा असावा. परंतु तेल तपासण्याची ही पद्धत यंत्रशास्त्राच्या पुस्तकांतही दिलेली आहे. तेच तेल जुन्या पांढऱ्या धोतराच्या फडक्यातून गाळले तर चकाकणारे कण सापडतात. त्यावर चुंबक फिरवायचे. चिकटले ते लोखंड, म्हणजे रिंगा, गिअर किंवा नळकांडे. न चिकटणारे पिवळट वा रुपेरी कण बहुधा बेअरिंगचे. बेअरिंगचे कण दिसले तर मोठा खर्च समोर आहे असे धरावे. मालक परवानगी देत असेल तर तेलाचा जुना फिल्टर कापून पाहणे सर्वांत चांगले, कारण तेल बदलता येते, पण फिल्टर बदलायचे पुष्कळजण विसरतात.

यानंतर पाणी. इंजिन थंड असतानाच गोड्या पाण्याच्या टाकीचे झाकण उघडावे. गरम असताना उघडले तर अंगावर वाफ येते. पाण्यावर तेलाचा तवंग नको, गंजाचा लाल गाळ नको. इंजिन चालू केल्यावर त्यात सारखे बुडबुडे येत राहिले, तर जळलेला वायू गॅस्केटमधून पाण्यात शिरतो आहे. ज्या इंजिनात समुद्राचे पाणी आत घेऊन उष्णता काढतात, तिथे पंपातले रबरी चाक, गाळणी आणि नळ्यांच्या जोडांवर साचलेले पांढरे मीठ पाहावे. मीठ दिसले म्हणजे तिथून गळते आहे, मग त्यावर कितीही रंग मारलेला असो. रबरी नळीवर आणि बोल्टच्या डोक्यावर रंग चढलेला दिसला, की तो देखभालीसाठी नसून विक्रीसाठी दिला आहे असे खुशाल समजावे.

धूर ही इंजिनाची जीभ आहे. थंड इंजिनाचा पहिल्या मिनिटाचा पांढरट धूर माफ. तापल्यावरही तो राहिला आणि त्याला कच्च्या डिझेलचा वास असला तर दाब कमी आहे किंवा फवारा बिघडला आहे. वास नसून नुसती ओलसर वाफ असली तर पाणी आत जाते आहे. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. भार टाकल्यावर काळा धूर म्हणजे हवा अपुरी किंवा डिझेल जास्त. हा दोष कधी कधी नुसत्या चोंदलेल्या हवेच्या गाळणीचा असतो आणि स्वस्तात सुटतो. इंजिन चालू असताना तेल ओतायचे झाकण जरा बाजूला उभे राहून उघडावे. हलकी वाफ चालेल. चुलीसारखे भकभक झोत आले तर रिंगा संपल्या.

काही दोष मात्र थंड असताना झाकलेलेच राहतात. थंड तेल घट्ट असते, त्यामुळे झिजलेल्या बेअरिंगवरही तेलदाबाचा काटा ऐटीत उभा राहतो. तासभर चालून तेल पातळ झाले आणि मग मंद गतीवर काटा खाली बसला, की खरी स्थिती कळते. म्हणून जेटीला बांधलेल्या होडीवर पाच मिनिटे इंजिन ऐकून सौदा करणे म्हणजे मुलगी न पाहता फोटोवर लग्न ठरवणे! होडी बाहेर काढावी, निदान तासभर चालवावी, त्यातला काही वेळ पूर्ण जोराने. पुस्तकात दिलेले फेरे इंजिन गाठते का, पाण्याचे तापमान एका जागी स्थिर राहते का, की हळूहळू चढतच जाते, हे लिहून ठेवावे. माझे काम तेच होते. वहीत दर दहा मिनिटांनी तीन आकडे. परत आल्यावर इंजिन बंद करून होडीच्या तळातले पाणी पुन्हा पाहावे, जाण्यापूर्वीपेक्षा किती वाढले आणि त्यावर तेल तरंगते का.

गिअर पुढे-मागे टाकताना दणका बसू नये. शाफ्ट जिथे तळातून बाहेर जातो तिथून थेंब-थेंब पाणी येणे रीतीचेच आहे, धार नको. होडी जमिनीवर असेल तेव्हा पंखा हाताने हलवून पाहावा.

एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. जून २०२० मधील निसर्ग आणि मे २०२१ मधील तौक्ते या वादळांत कोकणच्या किनाऱ्यावर होड्यांचे नुकसान झाले. वादळात असो वा साध्या अपघातात, एकदा बुडालेले इंजिन स्वच्छ करून पुन्हा चालवता येते. पण बुडाल्यानंतर किती तासांत ते धुतले यावर सारे अवलंबून असते. स्टार्टरच्या आतला गंज, तारांच्या टोकांवरचा हिरवा थर आणि इंजिनखोलीच्या भिंतीवर उंच राहिलेली पाण्याची रेघ पाहावी. रेघ रंगाखालीही जाणवते.

आमच्या वयाची काही मुले मासेमारी सोडून पर्यटनाकडे वळत आहेत आणि मालवण-तारकर्लीकडे चालतात तशा जुन्या वॉटर स्कूटर शोधत आहेत. त्यांना पंखा नसतो. तळातून पाणी ओढून मागे जोराने फेकणारा जेट पंप असतो. न्यूझीलंडच्या विल्यम हॅमिल्टन यांनी १९५० नंतरच्या दशकात तिथल्या उथळ नद्यांसाठी अशी जेट बोट यशस्वी केली. १९७७ मध्ये सर एडमंड हिलरी अशाच बोटींतून गंगासागरपासून गंगेच्या प्रवाहाविरुद्ध वर गेले, ते नंदप्रयागजवळच्या धबधब्याने अडवेपर्यंत. उथळ पाण्यात चालणे हा जेटचा गुण, आणि वाळू गिळणे हा त्याच गुणाचा दोष. आतले फिरते चाक आणि त्याभोवतीचे कडे यांतली फट नव्या पंपात मिलिमीटरहून कमी असते. वाळूने ती वाढली की इंजिन नुसते किंचाळते आणि गती येत नाही. तेव्हा घेणारा इंजिनाला दोष देतो, पण दुखणे पंपाचे असते. म्हणून दोन्ही वेगळे तपासावे. पेट्रोल इंजिनाचे प्लग काढून प्रत्येक नळकांड्याचा दाब मापकाने मोजता येतो. एकाचा दाब दुसऱ्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक कमी भरला तर संशय घ्यावा. पाण्याबाहेर अशी स्कूटर मालकाने मिनिटभर गरगर फिरवून दाखवली तर प्रभावित होऊ नये, कारण इंजिनाला थंड करणारे पाणीसुद्धा बहुधा तोच पंप पुरवतो.

आता व्यवहार. पुष्कळ सौदे पावसाळ्यात होतात, कारण जून-जुलैच्या बंदीत होड्या शाकारून किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि मालकाला पैशांची निकड असते. परंतु जमिनीवरच्या होडीची भाराखालची चाचणी होऊच शकत नाही. त्यामुळे एक तर मे महिन्यात, होडी पाण्यात असतानाच पाहावी. नाही तर थोडा विसार देऊन बाकी रक्कम नारळी पौर्णिमेनंतर, समुद्रात चाचणी झाल्यावर द्यावी, आणि तसे कागदावर लिहून घ्यावे. माझ्या वडिलांनी दुसरा मार्ग धरला आहे. ज्या मालकाने ही अट ऐकताच "मग राहू दे" म्हटले, त्यांच्या होडीवर आम्ही दुसऱ्यांदा गेलो नाही.

कागद पाहताना इंजिनाच्या ब्लॉकवर ठोकलेला क्रमांक रंग खरवडून वाचावा आणि नोंदणीच्या दाखल्यावरच्या क्रमांकाशी अक्षरशः जुळवावा. मधल्या काळात इंजिन बदलले असेल तर ते गुन्ह्याचेच असते असे नाही, परंतु दाखल्यावर त्याची नोंद हवी. नाही तर होडी नावावर करताना आणि पुढे सोसायटीमार्फत डिझेलावरचा परतावा मागताना खेटे घालावे लागतात. होडीवर सोसायटीचे किंवा बँकेचे कर्ज शिल्लक नाही असा लेखी दाखला मालकाने स्वतः आणून द्यावा, आणि तो हातात पडल्यावरच शेवटची रक्कम मोजावी.